पाठीवरची चूल : काशीच्या पंचक्रोशीला निघताना

मागच्या भागात आपण बुटांबद्दल बोललो, आज चुलीबद्दल बोलू. मी बसलोय काशीच्या अहिल्याबाई घाटावर. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला अगदी लागून हा घाट आहे. याला पूर्वी केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्यादेवी होळकरांनी तो घेतला, बांधून काढला आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० सालचं, तेही त्यांनीच बांधवलेलं. त्यामुळे मराठी माणूस काशीला आला की या पायऱ्यांवर टेकतोच. तुम्हीही टेकाल. पण स्टोव्ह इथे पेटवायचा नाही. गर्दी, कपडे, लहान मुलं, खाली ओल्या पायऱ्या. इथे बसून फक्त पिशवी उघडायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायचं, ही खरंच लागणार आहे का?

विषय निघाला तो पंचक्रोशी परिक्रमेवरून. पन्नाशी-साठीतली कितीतरी जोडपी विचारतात की पायी परिक्रमा करायची आहे, बाहेरचं खायचं नाही, तर स्वयंपाकाचं काय न्यावं? परिक्रमा पंचवीस कोसांची, म्हणजे साधारण ८० किलोमीटर. मणिकर्णिकेवरून निघायचं आणि कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम करून परत मणिकर्णिकेला यायचं. सगळ्यात लांबचा टप्पा भीमचंडी ते रामेश्वर, सात कोसांचा. मुक्कामाला धर्मशाळा आहेत, पण अधिक महिन्यात त्या भरून जातात आणि माणसं ओसरीवर, झाडाखाली, जागा मिळेल तिथे पथारी टाकतात. रानातला तंबू नव्हे, पण पाठीवर संसार घेऊन उघड्यावर मुक्काम म्हणजे हाच की.

आधी आकडे, कारण वजनाचा प्रश्न आकड्यांनीच सुटतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. शेगडी कुठलीही असो, निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने उडून जाते असं धरा. मग एका लिटरला गॅस लागतो साधारण १५ ग्रॅम, स्पिरिट २५ ते ३० ग्रॅम आणि हेक्झामिनच्या वड्याही जवळपास तेवढ्याच. दोघांचा दोन वेळचा चहा आणि एक वेळची खिचडी म्हणजे दिवसाला अडीच लिटर उकळण्याइतकं काम. पाच दिवसांचा हिशेब झाला १९० ग्रॅम गॅस किंवा ३५० ग्रॅम स्पिरिट. वारा असेल तर हे आकडे सहज दुप्पट होतात. वाऱ्याकडे लोक लक्षच देत नाहीत. घाटावर पाठीमागे उंच वाडे आहेत, म्हणून पश्चिमेचा वारा जाणवत नाही. कर्दमेश्वराच्या पुढे उघडी शेतं लागतात आणि ज्योत आडवी होते.

आता एकेक शेगडी बघू.

गॅसचं छोटं नळकांडं आणि वर फिरवून बसवायचा बर्नर ही सगळ्यात सोयीची जोडी. बर्नर शंभर ग्रॅमच्या आसपास, घडी घालून मुठीत मावतो. २३० ग्रॅमच्या एका नळकांड्यात दोघांची परिक्रमा होते. विकत घेताना आत काय आहे ते वाचा. नुसता ब्युटेन शून्य अंशाच्या जरासा खालीच वायू व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत साथ देतो आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत. काशीत पौषातली पहाट पाच-सहा अंशांची असते, म्हणून ब्युटेन पेटतो खरा, पण मरगळलेला. वायू बाहेर पडताना नळकांडं स्वतःच आणखी थंड होतं. रात्री ते पांघरुणाजवळ ठेवा, सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत उभं करा, काम होतं. मात्र वाऱ्यासाठी त्याच्याभोवती पत्र्याचं पूर्ण कडं कधीही करायचं नाही. उष्णता खाली नळकांड्यावर परतते आणि ते फुटू शकतं. अर्धा आडोसा, तोही वाऱ्याच्या बाजूने. आणि घरच्या सिलिंडरमधून ही नळकांडी भरून देणारे कारागीर भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार करा. घरच्या गॅसचा दाब जास्त असतो, हा पातळ डबा त्यासाठी बनवलेला नसतो.

पण खरा अडथळा वेगळाच आहे. तुम्ही काशीला येणार कसे? मुंबईहून, पुण्याहून, नागपूरहून, बहुतेक रेल्वेने. रेल्वेत गॅसचं नळकांडं नेता येत नाही, स्पिरिट नाही, रॉकेल नाही. विमानात तर प्रश्नच नाही. रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमात यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलेलं आहे. कैदेचं सोडा. २६ ऑगस्ट २०२३ ला पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. लखनौहून निघालेली माणसं होती, तीर्थयात्रेला आलेली, तुमच्या-माझ्यासारखी. डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरवर शेगडी पेटवली होती. नऊ माणसं गेली. त्यामुळे ‘एवढंसं तर आहे, बॅगेच्या तळाशी घालू’ हे मला कुणी सांगू नये. शेगडी घरून आणा, जळण इथे घ्या. इथे मिळेल ते जळण चालेल अशीच शेगडी निवडा. काशीच्या बाबतीत सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते.

स्पिरिटचा दिवा म्हणजे पितळेची किंवा पत्र्याची छोटी वाटी, वजन ३० ते ११० ग्रॅम. त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. हवा भरायची नाही, पिन मारायची नाही. रंगाच्या दुकानात स्पिरिट मिळू शकतं, पण त्यात मिथेनॉल मिसळलेलं असतं, म्हणजे विष. पाण्याच्या बाटलीसारख्या बाटलीत ते कधीही भरू नका, बाटली वेगळ्या आकाराची आणि रंगवलेली हवी. दुसरी गोष्ट : उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. विझला असं समजून लोक वरून ओततात आणि आग बाटलीपर्यंत चढते. वाटी हाताला गार लागेपर्यंत पुन्हा भरायची नाही. यात घाई नको.

हेक्झामिनच्या पांढऱ्या वड्या आम्हा फौजी लोकांच्या ओळखीच्या. पत्र्याची घडीची शेगडी, वर मेसटिन, चहा तयार. वजन नगण्य, सांडणं नाही. पण भांड्याचा तळ काळाकुट्ट होतो, धूर नाकात जातो आणि आच कमी-जास्त करता येत नाही. खिचडीला हे जमत नाही. शिवाय ज्वलनशील म्हणून रेल्वेचा अडसर इथेही आहेच.

रॉकेलचा दाबाचा स्टोव्ह १८९२ पासूनचा, स्वीडनमधला. आमच्या पिढीने आईला त्यावर पिन मारताना पाहिलंय. उंचावर, बर्फात, त्याला मी अजूनही पहिला नंबर देतो. पण इथे पाठीवर न्यायला जड, आणि रॉकेल आता बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही. विषय संपला.

राहिली काटक्यांची शेगडी. दुधाच्या पावडरच्या डब्याला खालून आणि वरून भोकं पाडली की झाली. बाजारात स्टीलची, घडीची, दुहेरी भिंतीची मिळते, साधारण ३०० ते ४०० ग्रॅमची. जळण रस्त्यात, वजन शून्य. बोटाएवढ्या वाळक्या काटक्या पुरतात. मोठी लाकडं नकोत, आणि मणिकर्णिकेवर रचलेलं लाकूड कशासाठी असतं ते मी सांगायला नको. पावसाळ्यात मात्र ही शेगडी रुसते.

इथल्या लोकांचं शहाणपण आणखी पुढचं आहे. रामेश्वरला वरुणेच्या काठी लोटा-भंट्याचा मेळा भरतो, अगहन वद्य षष्ठीला. आपल्या पंचांगात तेव्हा कार्तिक वद्य असतो, तारीख बघताना गोंधळू नका. भंटा म्हणजे वांगं. हजारो माणसं उघड्यावर गोवऱ्या पेटवतात, ज्वाळा विझली की निखाऱ्यात बाट्या आणि वांगी पुरतात आणि बाटी-चोखा खातात. चोखा म्हणजे आपल्या भरताचा सख्खा भाऊ. शेगडी नाही, भांडं नाही, जळण तिथेच विकत. हलक्या सामानाचा याहून चांगला नमुना मी तरी पाहिलेला नाही.

माझा सल्ला विचाराल तर वैशाख-ज्येष्ठात शेगडी आणूच नका. सातूचं पीठ, गूळ, मीठ, लिंबू, कांदा, दडपे पोहे, घरून दशम्या आणि मेतकूट. चहा रस्त्यात कुल्हडमधून मिळतो. वाचलेल्या वजनाचं पाणी न्या, दोन लिटर प्रत्येकी, कारण उन्हाळ्यात इथे लू माणसाला आडवं करते. थंडीत मात्र गरम अन्न हवंच. तेव्हा काटक्यांची शेगडी आणि जोडीला स्पिरिटची वाटी, एकीने दगा दिला तर दुसरी.

भांडं एकच, लिटर-सव्वा लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं, रुंद बुडाचं, घट्ट झाकणाचं. कुकर एकट्यानेच किलोच्या आसपास जातो, तो घरी राहू दे. मुगाची डाळ आणि तांदूळ चालतानाच डब्यात भिजत घाला. मुक्कामावर एक सणसणीत उकळी, पाच मिनिटं आच, मग पातेलं टॉवेलात आणि वर कांबळ्यात गुंडाळून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात खिचडी शिजते आणि जळण निम्मं वाचतं. हिमालयात तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, तिथे डाळ रडवते. काशी समुद्रसपाटीपासून जेमतेम ८० मीटरवर, इथे तो त्रास नाही.

बाकी सामान थोडक्यात. ६५ किलोच्या माणसाने पाण्यासकट आठ-नऊ किलोंपेक्षा जास्त उचलू नये. तंबू नको, तो दोन किलो खातो. ओसरीवर झोपायला फोमची चटई, एकेरी मच्छरदाणी आणि एक हलकी ताडपत्री पुरते. थंडीत एक कांबळं वाढवा. विजेरी कपाळावर बांधायची घ्या, हात मोकळे राहतात.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक थंडीत सांगतो. धर्मशाळेची खोली गार पडली म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावायचं नाही. तंबूत नाही, ताडपत्रीच्या बंद आडोशातही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खोकला येत नाही, माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात अशी कुटुंबंच्या कुटुंबं जातात. आमच्याकडे उंचावरच्या चौक्यांवर झोपण्याआधी बुखारी विझली की नाही हे बघायला माणूस नेमलेला असे, कितीही थंडी असली तरी. गटात निघालात तर ते काम एकाच्या नावावर लावा. रोज रात्री त्याने सगळ्या शेगड्या हाताने चाचपून, बाहेर नेऊन ठेवून मगच झोपायचं.

पुढच्या भागात पाणी कसं गाळायचं, उकळायचं आणि किती न्यायचं ते बघू.