मावळा रंगवताना

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे असोत की पटावर लढाई मांडणाऱ्यांचे 28 मिलिमीटरचे शिपाई, सगळ्यांना एकच भगवा फासणे चूक आहे. शिवकाळातल्या मराठी फौजेला आजच्यासारखा गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार मात्र घोडा आणि हत्यारे स्वतःची आणी. अशा फौजेत कपड्यांचा एकसारखेपणा येणार कुठून? इटालियन प्रवासी मनुचीच्या संग्रहासाठी मीर मुहम्मदने काढलेले घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचे चित्र पाहावे. चित्रकार मुघल परंपरेतला, म्हणून प्रत्येक तपशील प्रमाण मानता येणार नाही. पण ते आजच्या कॅलेंडरांपेक्षा त्या काळाला कितीतरी जवळचे आहे.

यावर खेळणारे म्हणतील, रंग वेगळे केले तर पथके ओळखायची कशी? त्यासाठी निशाण आहे, बाहुलीच्या पायाखालच्या बैठकीची कड आहे. अंगरखे सारखे करायची गरज नाही. एवढ्याशा बाहुलीवर कोण बघतो, हा आक्षेपही टिकत नाही. लहान आकृतीच्या चुण्यांत पुरेशी सावली पडत नाही, ती रंगानेच दाखवावी लागते: आधी मूळ रंग, मग खोलगट भागांत पातळ तपकिरी, शेवटी उंचवट्यांवर फिकट छटा. पांढरा अंगरखाही मळकट पांढऱ्यापासून सुरू करावा. आणि बैठक? चिपळूणजवळच्या अलोरे गावात बसून गोवळकोट किल्ल्याची शिबंदी रंगवणाऱ्याने परदेशी नमुन्यातले हिरवे कुरण उचलू नये. जांभ्याची तांबडी माती दाराशीच आहे. ती चाळून गोंदावर भुरभुरावी.