गोळी चुकवू नका, अंग सैल सोडायला शिका!

दुपारी औत सुटलं की बैल काय करतो? मानेवरचं जू उतरताच अंग झाडतो, सावलीला बसतो आणि निवांत रवंथ करतो. माणसाचं तसं नाही. हातातलं खुरपं खाली ठेवलं तरी डोक्यावरचं जू उतरत नाही. सोसायटीचं कर्ज, सोयाबीनचा भाव, लेकीचं लग्न, पाणी द्यायला रात्री उठवणारी लाईट. त्यात बीपी, शुगर किंवा संधिवात मागं लागला की ते दुखणंच आणखी एक काळजी होऊन बसतं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही दुखणी तापासारखी चार दिवसांत जाणारी नाहीत. एकदा घरात आली की जन्मभर सोबत राहतात. त्यांच्यासोबत राहायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, रोजची गोळी. दुसरी, अंग आणि मन सैल सोडण्याची सवय. पहिली डॉक्टर देतात. दुसरी मात्र आपल्यालाच शिकावी लागते. ती शिकता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही, हेच आज सांगायचं आहे.

बॉयलरचा दाब आणि अंगातला दाब

दाब म्हणजे काय, हे परळीकरांना समजावून सांगायला नको. थर्मलचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला, तेव्हापासून बॉयलर आणि वाफ हे शब्द इथं घरोघरी आहेत. बॉयलरमध्ये वाफेचा दाब प्रमाणाबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा वाफ बाहेर पडते.

आता शरीराचं बघा. बांधावर अचानक नाग दिसला तर काय होतं? छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातपाय ताठतात, रक्ताचा दाब चढतो. पळायला किंवा काठी उचलायला शरीर तयार होतं. नाग निघून गेला की थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. पण बँकेची नोटीस नागासारखी निघून जात नाही. ती रात्री अंथरुणातही सोबत असते. मग शरीर कमी-जास्त प्रमाणात तसंच ताठलेलं राहतं. झोप उडते, मान-पाठ आखडते, दुखणं असतं त्याहून जास्त जाणवतं. ज्याला आधीच बीपी आहे त्याच्या त्रासात भर पडते. म्हणूनच आपल्यालाही एक सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, आणि तो हातानं उघडायला शिकावं लागतं.

मुंबईत झालेला प्रयोग

तुम्ही म्हणाल, नुसतं पडून राहिल्यानं कुठं रोग हटतो का? प्रश्न रास्त आहे. शवासनानं थकवा जातो आणि मनाला विसावा मिळतो, असं हठयोगाच्या जुन्या ग्रंथात म्हटलेलं आहे. पण ग्रंथात आहे एवढ्यावर न थांबता मुंबईच्या डॉक्टरांनी ते तपासून पाहिलं.

के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. सोबत लोणावळ्याच्या कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. कैवल्यधाम म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलेली, योग यंत्रांनी मोजून तपासणारी संस्था. या प्रयोगाचा अहवाल १९६९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

रुग्णांचे तीन गट होते. औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी दाब (वरचा आणि खालचा मिळून काढलेला) १३४ वरून १०७ वर आला. गोळ्यांनी बीपी ताब्यात असलेले २२ जण होते. त्यातल्या १३ जणांच्या गोळ्यांची मात्रा जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आणता आली. गोळ्या घेऊनही बीपी ताब्यात नसलेल्या १५ जणांपैकी मात्र ६ जणांनाच असा फायदा झाला. पुढं १९७३ साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी अशाच पद्धतीनं बीपीचे रुग्ण शिकवले, आणि तिकडच्या डॉक्टरांनाही याची दखल घ्यावी लागली.

पण हिशेब सरळ मांडला पाहिजे. मुंबईचा प्रयोग लहान होता. पुढच्या अभ्यासांत दाबाचा उतार एवढा मोठा दिसला नाही. काहींना चांगला फायदा होतो, काहींना थोडा, काहींना दाबात काहीच फरक पडत नाही. झोप आणि अंगदुखीत मात्र अनेकांना आराम वाटतो. म्हणजे शवासन हे गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही. प्रयोगातही गोळ्या कमी केल्या त्या दाब मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

करायचं कसं?

घोंगडी किंवा वाकळ अंथरा. उताणे पडा. पाय थोडे फाकवा, हात अंगापासून जरा दूर, तळवे वर. मानेखाली पातळ उशी चालेल. डोळे मिटा.

आता पायाच्या बोटांपासून सुरुवात करा. पाऊल, पोटरी, मांडी, पोट, छाती, हात, मान, जबडा, कपाळ, एकेका भागाकडं लक्ष न्यायचं आणि तो सैल सोडायचा. भरलेलं पोतं जमिनीवर टेकतं तसं अंग टेकू द्या. अंग ताठलंय का सैल, हेच कळत नसेल तर एक युक्ती आहे. अमेरिकेतले डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ सालच्या पुस्तकात ती सविस्तर मांडली. आधी मूठ हलकेच आवळायची, थोडा वेळ तशीच धरायची, मग एकदम सोडायची. सोडल्यावर जे वाटतं ते सैलपण. असंच खांद्याचं, पायाचं करायचं. बीपीवाल्यांनी जोर लावू नये आणि श्वास कोंडू नये.

मग श्वासाकडं या. पोट वर-खाली होईल असा संथ श्वास. आत जाणारी हवा नाकपुडीला गार लागते, बाहेर येणारी कोमट. फक्त तेवढंच बघत राहायचं. मन मोंढ्यात जाईल, भावावर जाईल, भावकीच्या वादात जाईल. जाऊ द्या. चुकार गुरू वळवून आणतो तसं रागावल्याशिवाय परत श्वासावर आणा. उठताना आधी कुशीवर वळा, मग सावकाश बसा.

दाते यांचे रुग्ण रोज अर्धा तास करत होते आणि बहुतेकांना ते जमायला तीनेक आठवडे लागले. तेव्हा दोन दिवस करून “आपल्याला काही जमत न्हाई” म्हणू नका. पाभर धरल्या दिवशी कुणाचं तास सरळ येतं? दहा मिनिटांपासून सुरू करा. दम्यामुळं किंवा धाप लागून उताणं पडवत नसेल तर भिंतीला टेकून बसा. गरोदर बायांनी डाव्या कुशीवर पडावं.

आडवं पडायचं नको वाटणाऱ्यांना नामस्मरणही चालतं. अमेरिकेतले डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या पुस्तकात दाखवलं की शांत बसून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला आणि मधे येणारे विचार सोडून दिले, तर श्वास आणि नाडी संथ होते. शब्द कोणताही चालतो. वैद्यनाथाच्या पायरीवर बसून कुणी शिवाचं नाव घेईल, कुणी विठ्ठलाचं, कुणी तसबीह ओढत अल्लाहचं. शरीराला फरक पडत नाही.

इथं चूक करू नका

“आता बरं वाटतंय” म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महागाची चूक. बीपी अंगात असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गोळी सुटते, दाब गुपचूप चढतो आणि एखाद्या पहाटे लकवा मारतो. कोयत्यावर निघणाऱ्यांनी बिऱ्हाडात भाकरीच्या पिठासोबत गोळ्याही बांधाव्यात, आणि संपायच्या आधी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातून पुन्हा घ्याव्यात. सोबत जुनी चिठ्ठी ठेवावी.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला एकाएकी घाम सुटला, थरथर झाली, डोळ्यापुढं अंधारी आली, तर ते टेन्शन समजून आडवं पडू नका. साखर कमी झालेली असू शकते. आधी साखर किंवा गूळ खा, मग दवाखाना गाठा.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा छातीत कळ आली, तर शवासन नाही, लगेच १०८ ला फोन! लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. परळीहून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. भगत-बुवा करण्यात वेळ घालवला तर ती वेळ परत येत नाही.

घरच्यांनी आणि गावानं काय करावं?

दिवसाउजेडी पुरुष आडवा पडला तर कुणी बोलत नाही. बाई पडली की लगेच “काय झालं हिला?” सुरू होतं. बीपी, संधिवात बायांनाही असतो. पहाटे चुलीपासून रात्री भांड्यापर्यंत तिच्या मानेवरचं जू उतरत नाही. घरातल्या मोठ्यांनीच तिला वीस मिनिटं मोकळी करून दिली पाहिजेत. तेवढा वेळ पोरांना सांभाळलं, एक चहा आपण करून घेतला, तर काही बिघडत नाही.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत. तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी तिथल्या कामातच येते, योगाचे वर्गही त्यात धरलेले आहेत. २१ जूनला फोटोपुरता योग होतो, तो आठवड्यातून एक दिवस समाजमंदिरात होऊ द्या. सतरंजी ग्रामपंचायतीची, बोलावणं आशाताईंचं, शिकवणं समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसवून प्रत्येकाचा दाब मोजावा आणि वहीत लिहावा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांकडं पाठवावं. तीन महिन्यांनी वही उघडली की गावालाच कळेल, कुणाला उतार पडला आणि कुणाला औषध वाढवायला हवं.

पाऊस आपल्या हातात नाही, भाव तर नाहीच नाही. रोजची गोळी आणि रोजची वीस मिनिटं मात्र हातात आहेत. आज रात्री निजण्याआधी वाकळ अंथराल, तेव्हा पायाच्या बोटांपासून सुरुवात करून बघा.