पिस्तूल : विकत घेण्यापूर्वी हाताळून पाहताना

रुग्णांच्या नातेवाइकांकडून डॉक्टरांना होणारी मारहाण हा विषय आपल्या मंडळाच्या बैठकींत वारंवार निघतो, आणि त्यामागोमाग हटकून एक प्रश्न येतो : परवाना काढून एखादे लहानसे पिस्तूल जवळ बाळगावे काय? आपल्या ग्वाल्हेर परिसरात बंदूक ही अपूर्वाईची वस्तू नव्हे. वरातीतही ती आपण पाहिलेली आहे. तथापि शस्त्र घेणे आणि आपल्या हाताला झेपणारे शस्त्र घेणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद अमेरिकेत चांगला उमगतो, कारण तेथे अनेक नेमबाजी केंद्रांवर पिस्तूल भाड्याने घेऊन, चालवून पाहून मग खरेदीचा निर्णय करता येतो.

टेक्सासमध्ये रात्रपाळी करणाऱ्या माझ्या भाच्यासोबत अशा एका केंद्रावर जाण्याचा योग आला. त्या राज्यात २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीस परवान्याविना कपड्यांआड पिस्तूल बाळगता येते. परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी करताना मात्र एक सरकारी अर्ज भरावा लागतो व गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते. कायदा एवढेच पाहतो. हाताचे सामर्थ्य ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते.

नवख्या माणसाचा पहिला समज असा, की पिस्तूल जितके लहान तितके ते चालवावयास सोपे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तितकाच संवेग पिस्तुलाला मागे ढकलतो. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले, तर मागे येण्याचा वेग दुप्पट होतो व धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. २०१८ मध्ये आलेले सिग साउअर पी ३६५ हे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल रिकामे असताना जेमतेम ५०० ग्रॅम भरते. खिशाला ते हलके, परंतु मनगटाला जड. त्यातच मूठ आखूड असल्याने अनेकांची करंगळी अधांतरी राहते, आणि नळी आखूड असल्याने पुढची माशी व मागची खाच जवळजवळ येऊन नेमातील किंचित चूकही लक्ष्यावर मोठी होते.

म्हणून चालवून पाहताना काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, वरची स्लाइड आपल्याला पूर्ण मागे खेचता येते काय? सांधेदुखी असलेल्यांची येथेच कसोटी लागते. दुसरी, तर्जनीचे पेर चापावर सहज पोचते काय आणि चाप ओढताना नळी हलते काय? स्मिथ अँड वेसनच्या पाच गोळ्यांच्या लहान रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्यास पाच किलोच्या आसपास जोर लागतो. तिसरी, धक्क्यानंतर नेम पुन्हा किती लवकर जागेवर येतो? मनगट ढिले राहिले तर स्वयंचलित पिस्तुलात काडतूस अडकू शकते. चौथी, पन्नासएक गोळ्या झाडल्यावरही पकड टिकते काय? पहिल्या पाच गोळ्यांचा उत्साह फसवा असतो. पाचवी, रोजच्या पोशाखात, होल्स्टरसह, बसता-उठता ते सुरक्षित राहते काय?

कानांवरील आवरण व चष्मा यांविना रेंजवर पाऊल ठेवू नये. पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. १४० डेसिबलपासूनच श्रवणशक्तीला तत्काळ इजा संभवते. प्रशिक्षक तेथे चार नियम प्रथम पाठ करवून घेतात : प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे, जे नष्ट करावयाचे नाही त्याकडे नळीचे तोंड वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे, लक्ष्य व त्यामागे काय आहे हे ठाऊक असावे.

येथवर हाताचा विचार झाला. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला घराचा विचार अधिक महत्त्वाचा वाटतो. जड चाप लहान मुलांना ओढता येणार नाही, असे पालक मानतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांच्या दोन बोटांत साडेचार किलोंचा चाप ओढण्याइतके बळ आढळले. २००१ मध्ये अटलांटा येथील संशोधकांनी आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांचे २९ गट एका खोलीत बसविले. तेथील खणात एक निकामी केलेले खरे पिस्तूल लपविले होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी हाताळले आणि १० गटांतील कोणी ना कोणी चापही ओढला. अमेरिकेत २०२० मध्ये १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हे ठरले. वाहन-अपघात मागे पडले. म्हणून तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की घरात शस्त्र नसणेच उत्तम. असेल तर ते रिकामे, कुलुपात आणि काडतुसे वेगळ्या कुलुपात असावीत. पिस्तुलाची किंमत विचारण्यापूर्वी तिजोरीची किंमत विचारावी, ती यासाठी.

आपल्याकडील चौकट वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आधी व शस्त्र नंतर. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास वर्ज्य असल्याने बहुतेकांची निवड .३२ बोअरपाशी येते. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आलेले ५०० ग्रॅमचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर याच बोअरचे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षे व शस्त्रांची मर्यादा सामान्यतः दोन झाली, आणि इतरांचा जीव धोक्यात घालणारा आनंदोत्सवातील गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरला. भाड्याने शस्त्र चालवून पाहण्याची प्रथा आपल्याकडे नाही; म्हणून खरेदीपूर्वी एखाद्या रायफल क्लबात रीतसर शिकणे हाच त्याला पर्याय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या दवाखान्यात येणारा धोका बहुधा दरोडेखोराचा नसतो. तो शोकाने व संतापाने बेभान झालेल्या दहा-वीस माणसांचा असतो. त्या गर्दीत परिचारिका, इतर रुग्ण आणि मुलेही असतात. तेथे 'लक्ष्यामागे काय आहे' या नियमाचे पालन अशक्य, आणि पिस्तूल हिसकावले जाण्याची भीती मोठी. नातेवाइकांशी वेळेवर व स्पष्ट बोलणारा डॉक्टर, बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा, कॅमेरे आणि ठाण्याशी पूर्वसंपर्क हे उपाय मला अधिक भरवशाचे वाटतात. एकाकी वस्तीत राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याची गरज निराळी असू शकते. त्याने परवाना जरूर काढावा. परंतु आधी हात पारखावा, मग घर पारखावे आणि दुकानाची पायरी त्यानंतरच चढावी.