खेकड्याच्या अंगावरचे चपटे कृमी: भाडेकरू कोणते, घातक कोणते? समजून घ्या

पाऊस लागला की रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला खेकडे धरायला जाणं आपल्याकडं नवं नाही. खेकडे घरी येतात, धुतले जातात, झणझणीत रस्सा होतो. पण खेकडा, झिंगा अशा जीवांच्या अंगावर, कल्ल्यांत आणि मांसातही दुसरे बारके जीव राहू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यातले बरेचसे निरुपद्रवी आहेत, पण एक माणसाच्या फुप्फुसापर्यंत पोचतो. हा फरक माहीत असलेला बरा.

हे कृमी नेमके कसे असतात?

शेळ्या-मेंढ्यांना होणारा लिव्हर फ्ल्यूक पशुपालकांना चांगलाच माहीत आहे. तो ज्या चपट्या कृमींच्या गटातला, त्याच मोठ्या गटात टेम्नोसेफालिड नावाचे कृमी येतात. पण यांची राहणी वेगळी. ते गोड्या पाण्यातल्या खेकडा, कोळंबी आणि क्रेफिशच्या अंगावर बिऱ्हाड करतात. क्रेफिश म्हणजे अंगानं कोळंबीसारखा, पण पुढं खेकड्यासारखे मोठे डेंगे असलेला जीव.

हा कृमी बहुतेक वेळा काही मिलिमीटरचाच असतो. मागच्या टोकाला चिकटायची चकती आणि डोक्याला बोटांसारख्या मिशा. काही जातींना २, बऱ्याच जातींना ५, तर काहींना ६. चालतो जळूसारखा: पुढचं टोक टेकवायचं, मागचं ओढून घ्यायचं. त्यामुळं १८४६ मध्ये चिलीतल्या अशा कृमीची पहिल्यांदा नोंद झाली, तेव्हा त्याला जळूच समजलं गेलं होतं.

रक्त पितो का?

बहुतेक जाती नाही पीत. पाण्यातले सूक्ष्म जीव, बारक्या अळ्या आणि मालकाच्या जेवणातले सांडलेले कण यांवर त्यांचं भागतं. खेकडा किंवा क्रेफिश म्हणजे त्यांच्यासाठी फिरतं घर. अंडी मात्र ते थेट कवचावर चिकटवतात. मालकानं कात टाकली की न फुटलेली अंडी जुन्या कवचाबरोबर जातात. मोठ्या कृमींना पुन्हा नव्या कवचावर चढावं लागतं.

इतक्या जाती कशा झाल्या?

आजवर शंभराहून जास्त जातींची नोंद झाली आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, मादागास्कर, आग्नेय आशिया आणि युरोपचा बाल्कन भाग इथं ते सापडतात. दक्षिण अमेरिकेत काही जाती तर गोगलगाय आणि कासवावरही राहतात.

एकाच क्रेफिशवर दोन-तीन जाती सुखानं नांदतात. एक पाठीवर, दुसरी कल्ल्यांच्या पोकळीत. वाड्यात जशा खोल्या वाटून घ्याव्यात, तसंच. शिवाय डोंगरातला एक ओढा दुसऱ्या ओढ्यापासून तुटलेला असतो. मालक एका खोऱ्यात अडकला की त्याच्यावरचा कृमीही तिथंच अडकतो आणि लाखो वर्षांत दोघांच्याही वेगळ्या जाती तयार होतात.

भारतातही या गटातला कृमी आहे. कॅरिडिना नावाच्या बारक्या झिंग्याच्या कल्ल्यांत राहणाऱ्या कॅरिडिनिकोला इंडिकाची माहिती कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन अॅनंडेल यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. याच अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये सातारा-पुणे भागातल्या ओढ्यांमधल्या जीवांवरही लिहिलं आहे.

मालक गेला की भाडेकरूही जातो

ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांतले काटेरी क्रेफिश आणि त्यांच्यावरचे हे कृमी डायनासोरच्या काळापासून सोबत आहेत, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. त्या क्रेफिशच्या ७५ टक्के जाती आज धोक्यात आहेत. पाणी तापतंय, ओढे आटतायत. त्या सगळ्या जाती संपल्या, तर अभ्यासलेल्या कृमींपैकी सुमारे ६० टक्के जातीही नाहीशा होतील, असा अंदाज त्यात आहे. कारण सरळ आहे: ज्याला एकच घर ठाऊक, त्याला दुसरीकडं जागा नाही.

उलटा धोकाही आहे. ऑस्ट्रेलियातला रेडक्लॉ क्रेफिश मत्स्यपालनासाठी आफ्रिकेत नेला, तर त्याच्यासोबत तिथले कृमीही आफ्रिकेच्या पाण्यात पोचले.

मग खेकडा खायचा की नाही?

खायचा, पण नीट शिजवून. अंगावर राहणारे टेम्नोसेफालिड माणसाला त्रास देत नाहीत. घातक आहे तो वेगळा चपटा कृमी: फुप्फुसातला फ्ल्यूक, पॅरागोनिमस. रुग्णाच्या थुंकीतून किंवा विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात, तिथून पिल्लं गोगलगायीत आणि मग खेकड्याच्या मांसात शिरतात. असा खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला पोटात गेला की कृमी फुप्फुसात घर करतो.

मणिपूर, अरुणाचल अशा ईशान्येकडच्या राज्यांत याचे रुग्ण सापडतात. जुना खोकला आणि थुंकीतून रक्त ही लक्षणं टीबीसारखीच. त्यामुळं काही जणांना टीबीची औषधं दिली जातात आणि गुण येत नाही. खरं निदान झालं, तर प्राझिक्वांटेल या औषधानं हा आजार बरा होतो.

एवढं लक्षात ठेवा

- खेकड्याचे पाय कुटून काढलेला रस चांगला उकळू द्या. खोकल्यावर औषध म्हणून तो कच्चा पिऊ नका, पोरांना पाजू नका.
- पाटा-वरवंटा, मिक्सर, सुरी आणि हात साबणानं धुतल्याशिवाय कोशिंबीर चिरायला घेऊ नका.
- खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर सरकारी दवाखान्यात तपासणी करा. कच्चा खेकडा खाल्ला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. टीबीची औषधं चालू असतील, तर मनानं बंद करू नका.
- मत्स्यटाकीतले परदेशी क्रेफिश, कोळंबी ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडू नका.
- ओढ्यात औषध टाकून मासे-खेकडे मारू नका. एका खेकड्याबरोबर त्याच्या अंगावरचं, अजून कुणी नोंदही न केलेलं बिऱ्हाड संपू शकतं.