पाठीतला अवग्रह

मराठी माणसाला पाठीचा भारी सोस. आपण हिरमुसलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवतो, चुकार भाच्याला पाठीशी घालतो, नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडतो, आणि एखाद्याचे कौतुक करायचे झाले की ‘त्याला कणा आहे हो!’ असे म्हणतो. गेली अठरा वर्षे वर्गात उभी राहून मी हे वाक्प्रचार मुलांना समजावून देते आहे. आणि दर वेळी मनातल्या मनात ओशाळते आहे. कारण ज्या कण्याच्या भरवशावर मी उभी असते, तो मुळीच ताठ नाही. चांगला ३८ अंशांनी वाकडा आहे!

हा शोध डॉक्टरांनी लावला नाही. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने लावला. मी तेव्हा नववीत होते. माप घेता घेता त्याने दोनदा मान कलती करून पाहिले आणि आईला म्हणाला, “वहिनी, पोरीचा उजवा खांदा वर आहे. त्या बेताने शिवू का?” ड्रेस त्या बेताने शिवला गेला. खांदा तसाच राहिला. घरात मात्र त्या दिवसापासून ‘ताठ बस’ हा जप सुरू झाला. पुढे कोणी तरी एका हाडे बसवणाऱ्याचे नाव सुचवले. त्याने तेल लावून माझी पाठ अशी काही मळली, की आठवडाभर मला उताणे झोपता येईना. सतराव्या वर्षी एकदाचा क्ष-किरणांचा फोटो निघाला. तोवर माझी उंची वाढायची थांबली होती, आणि पट्टा बांधण्याची वेळ टळून गेली होती.

तो फोटो मी उजेडासमोर धरला आणि मला हसू आले. छातीच्या मणक्यांशी उजवीकडे एक वळण, कमरेशी डावीकडे दुसरे. संस्कृत पोथ्यांत दिसतो ना, तो अवग्रह! मराठीत आपण तो हाक लांबवायला वापरतो : ‘आईऽऽ गं!’ माझ्या पाठीतला अवग्रह पुढे नेमके हेच उच्चार करायला लावणार आहे, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते.

या दुखण्याला डॉक्टर ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. कणा नुसता बाजूला कलत नाही. तो स्वतःभोवती पीळही घेतो. म्हणून एका बाजूच्या बरगड्या मागे उचललेल्या दिसतात. वाकडेपणा मोजण्याची रीत जॉन कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडली. आजही जगभर तीच चालते. १० अंश किंवा अधिक भरला तर स्कोलिओसिस. दहातल्या आठ जणांत कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने तो होत नाही, पोक काढून बसल्यानेही होत नाही. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, आणि वाढत जाणारी वळणे मुलींत अधिक आढळतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर गावात सापडला, त्याच्या कण्यात हेच वळण होते. आणि वाऱ्यासारखा धावणारा उसेन बोल्ट याच्याही कण्यात ते आहे. भागवतातल्या कुब्जेला श्रीकृष्णाने हनुवटीला दोन बोटे लावून सरळ केले. आम्हाला असा वैद्य भेटत नाही.

खरे दुखणे सुरू झाले ते चौतिसाव्या वर्षी. उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन मी दिवस दिवस बसले, आणि एके संध्याकाळी उठताच येईना. शेजारणींनी एकमताने विश्रांती फर्मावली. मी तीन आठवडे आडवी राहिले. परिणाम असा, की उठल्यावर पाठ पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागली! पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे झाले होते.

मग एका व्यायामोपचार करणाऱ्या मुलीकडे गेले. मुलगीच म्हणायची, माझ्या विद्यार्थिनी शोभावी एवढी. तिने मला आरशासमोर उभे केले आणि म्हणाली, “मॅडम, हा कणा काही सरळ होणार नाही. पण त्याला धरून ठेवणारे स्नायू आपल्या हातात आहेत.” इतक्या वर्षांत मला कोणी असे सरळ बोलले नव्हते.

तेव्हापासून आमचा संसार सुरू आहे. माझा आणि दुखण्याचा. रोज सकाळी चहाच्या आधी वीस मिनिटे व्यायाम : पोटाचे, पाठीचे, कुशीवर आडवे होऊन तोल सांभाळण्याचे, आणि दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत हवा भरण्याचे. संध्याकाळी अर्धा तास चालणे. ओट्याशी उभी असताना एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवते. आजीचा जेवायचा पाट असा कामी आला. दहा उत्तरपत्रिका तपासल्या की उठायचे, मग अकरावी कितीही मनोरंजक असो! वर्गात तास उभ्याने घ्यायचा हा हट्ट सोडला. मधली दहा मिनिटे खुर्चीवर बसते. पहिल्या दिवशी लाज वाटली. मुलांच्या ते लक्षातही आले नाही. रात्री कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, आणि पाठ फारच कुरकुरली तर शेकाची पिशवी.

वाईट दिवस अजूनही येतात. तेव्हा मी काम कमी करते, पण अंथरूण धरत नाही. मात्र पाय बधिर होणे, त्यातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, पाठीबरोबर ताप येणे, यांपैकी काही झाले तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब डॉक्टर गाठायचा, हे मी कपाटाच्या दारावर लिहून ठेवले आहे.

हे सारे अंगवळणी पडले होते. आणि या पावसाळ्यात माझी बारा वर्षांची मुलगी न्हाऊन केस पुसायला वाकली. मी मागेच उभी होते. उजवीकडच्या बरगड्या डावीपेक्षा वर. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

फोटोत २७ अंश आले. आम्ही तिघी डॉक्टरांसमोर बसलो होतो. मी, मुलगी आणि आई. ते म्हणाले, वाढीचे वय आहे, पट्टा बांधू. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचे वळण वाढ संपेपर्यंत शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याशी, म्हणजे ५० अंशांशी, पोचले नाही. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसातले जितके जास्त तास पट्टा, तितका गुण अधिक.

मुलीने विचारले, “शाळेत पण?” डॉक्टर म्हणाले, “शाळेत पण.” ती गप्प झाली.

तेवढ्यात आई पुढे सरकली. म्हणाली, “डॉक्टर, एक विचारू? ही लहान असताना मी हिच्या कडेवर धाकट्याला द्यायची. तासन्‌तास. त्याने तर नाही ना झालं?”

“नाही हो आजी. त्याचा काही संबंध नाही.”

आईने पदराने चष्मा पुसला. तीस वर्षे ‘ताठ बस’ म्हणून जी मला दटावत आली, ती मनात हे घेऊन बसली होती! आणि मी समजत होते, की माझ्या वाकडेपणाची तिला लाज वाटते. त्या रात्री ती माझ्या खोलीत आली, काही न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. वाक्प्रचाराचा अर्थ मला त्या दिवशी नव्याने कळला.

पट्ट्याचे पहिले पंधरा दिवस कठीण गेले. रडणे झाले, आदळआपट झाली. “तुझ्यामुळे झालं हे!” असेही एकदा ऐकून घेतले. मी उत्तर दिले नाही. माझा जुना फोटो तिच्या हाती ठेवला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारले, “तुला पट्टा नव्हता?” “वेळेवर कोणाच्या लक्षात आलं नाही,” मी म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सतरंजीशेजारी तिने आपली सतरंजी अंथरली.

गेल्या आठवड्यात दिवाळीच्या कपड्यांसाठी त्याच दुकानात गेलो. आता शिंप्याचा मुलगा बसतो. त्याने टेप उचलली आणि मी तोंड उघडणार, तोच कन्यारत्न म्हणाले, “काका, माझा उजवा खांदा थोडा वर आहे, आणि आतून पट्टाही असतो. त्या बेताने शिवा. आणि खिसे हवेत. दोन्ही बाजूंना!”

त्याने वहीत माप लिहून घेतले.