माळावरची वनबेटे

पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाच्या आग्नेय भागात किसिदुगू नावाचा जिल्हा आहे. नायजर ही महानदी ज्या डोंगराळ मुलखात उगम पावते, त्याच्याच परिसरातला हा प्रदेश. उंच गवताने भरलेला माळ, आणि त्या माळावर जागोजाग घनदाट झाडीचे वर्तुळाकार पुंजके, असे त्याचे रूप आहे. यांतील बहुतेक पुंजक्यांच्या पोटात एकेक खेडे दडलेले असते. दुरून येणाऱ्यास झाडी दिसते, गाव दिसत नाही. अभ्यासक या पुंजक्यांना ‘वनबेटे’ म्हणतात. ती निर्माण कशी झाली, हा प्रश्न वरवर केवळ वनस्पतिशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे जे उत्तर सुमारे शंभर वर्षे गृहीत धरले गेले, त्याची झळ तेथील शेतकऱ्यांना सोसावी लागली.

हे उत्तर फ्रेंच राजवटीतले. १८९३ च्या सुमारास हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात आला. येथे पाऊस भरपूर. तेव्हा येथे मुळात अखंड अरण्यच असले पाहिजे, आणि ज्या अर्थी आज ते नाही त्या अर्थी येथील किस्सी व कुरांको लोकांनी ते तोडून व जाळून संपविले असले पाहिजे, असा तर्क अधिकाऱ्यांनी आणि वनशास्त्रज्ञांनी बांधला. गावाभोवतीची झाडी म्हणजे त्या लुप्त अरण्याचा शेवटचा अवशेष! ऑग्यूस्त शव्हालिए यांच्यासारख्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञानेही हेच मत मांडले. सरकारी दप्तराचा एक स्वभाव असतो. पहिल्या अधिकाऱ्याने लिहिलेले अनुमान दुसऱ्याच्या टिपणात निरीक्षण होऊन बसते, आणि तिसऱ्याच्या अहवालात ती निर्विवाद वस्तुस्थिती ठरते. पुढे वणव्यांवर निर्बंध आले, झाडतोडीला परवाने लागले, दंड बसू लागले. १९५८ साली गिनी स्वतंत्र झाला, फ्रेंच गेले, पण त्यांचे अनुमान मात्र मागे राहिले. इतके की १९७० नंतरच्या दशकात रानाला आग लावण्याच्या अपराधास देहान्ताची शिक्षा सांगितली गेली.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच हे दोन ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ गिनीतील सहकाऱ्यांसह या खेड्यांत जाऊन राहिले. त्यांनी वृद्धांना गावाचा इतिहास विचारला. मिळालेले उत्तर नेमके उलट होते: आमचे पूर्वज उघड्या माळावर आले, आधी गाव वसले, झाडी मागाहून उभी राहिली. केवळ सांगण्यावर विसंबणे शास्त्राला पुरेसे नसते, म्हणून त्यांनी १९५२ साली विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि अलीकडची उपग्रहचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. बहुतेक ठिकाणी वनबेटे होती तेवढीच राहिली होती किंवा वाढली होती. आरंभीच्या फ्रेंच अधिकाऱ्यांची जुनी वर्णने काढली, तर त्यांतही अखंड अरण्य नव्हे, गवताळ माळच आढळला.

मग ही झाडी उभी राहिली कशी? हा या संशोधनातला सर्वांत रोचक भाग होय. या प्रदेशात कोवळ्या झाडाचा वैरी म्हणजे वाळलेले गवत आणि त्यातून धावत येणारा वणवा. गावाच्या कडेला गुरे बांधली जातात, ती गवत खातात. घरांच्या शाकारणीसाठी आणि कुंपणासाठी तेच गवत कापून नेले जाते. उरलेले गवत अजून ओलसर असतानाच ग्रामस्थ ते मुद्दाम जाळतात, म्हणजे पुढे कडक उन्हात येणाऱ्या मोठ्या वणव्याला खायला काही उरत नाही. घरातली राख, केरकचरा व शेणखत परसात पडते. बायका तेथे भाजीपाल्यासाठी माती खणून उंच वरंबे करतात. अशा भुसभुशीत जमिनीत रोपे सहज रुजतात. मग कोणी कोला लावतो, कोणी झाडीच्या सावलीत कॉफी. लढायांच्या काळात तटबंदी म्हणून पांढऱ्या सावरीची झाडे लावलेली होती, त्यांचे आज प्रचंड वृक्ष झाले आहेत. वनीकरणाची योजना अशी कोणी आखली नव्हती. नित्याच्या संसारातूनच वन वाढत गेले. सारांश, जेथे माणसे अधिक, तेथे झाडी अधिक. आणि वणवा कधी व कोठे लावावा याचा निर्णय गावाच्या हातून काढून घेणे, म्हणजे राखणदाराचे शस्त्रच काढून घेणे होते.

१९९६ साली हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि वादही पुष्कळ झाला. त्यावरून पश्चिम आफ्रिकेत वनांचा नाश झालाच नाही असे मात्र कोणी समजू नये. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये विसाव्या शतकात कोको आणि लाकूड यांच्यापायी अरण्याचा फार मोठा भाग खरोखरच नष्ट झाला. एका मुलखाचे उत्तर दुसऱ्यावर लादणे, हाच तर मूळचा दोष होता.

सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवरील सहेल या पट्ट्याबाबतही असेच घडले. भारतातील वनखात्यात नोकरी केलेले आणि पुढे एडिंबरोस प्राध्यापक झालेले स्टेबिंग यांनी १९३५ साली सहारा दक्षिणेकडे सरकत असल्याचा इशारा दिला, आणि त्याचे खापर मुख्यतः शेतकरी व गुराखी यांच्यावर फुटले. १९६८ पासून तेथे भीषण अवर्षण आले, तेव्हा त्या मताला बळकटीच आली. परंतु १९८० नंतरच्या दशकातील उपग्रहचित्रांत वाळवंटाची कड पावसाप्रमाणे कधी पुढे, कधी मागे सरकताना दिसली. तो पाऊस घटण्यामागे दूरच्या महासागरांच्या तापमानातील बदल हे प्रमुख कारण असल्याचे हवामानशास्त्रज्ञ आज मानतात.

याच पट्ट्यातील नायजर देशात झाडे सरकारची मानली जात. स्वतःच्या शेतातले झाड तोडले तरी दंड. मग शेतकरी ते वाढवील कशाला? नांगरताना फुटवे दिसले की तो ते उपटून टाकी. १९८० नंतरच्या दशकात या नियमांची अंमलबजावणी सैल झाली आणि झाड आपलेच आहे असे शेतकऱ्याला वाटू लागले. जमिनीत जिवंत असलेल्या जुन्या बुंध्यांना येणारे फुटवे तो राखू लागला. मारादी आणि झिंदर या भागांत अशा रीतीने सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर पुन्हा झाडे उभी राहिली. त्यांतील बहुतेक झाडे कोणीही लावलेली नाहीत.