आई समितीत आहे, पण तिला माहितीये का?

गावच्या शाळेचा कारभार बघायचा अधिकार कायद्याने पालकांना दिलाय. तो वापरायचा कसा, हे मात्र त्यांना कुणी नीट शिकवलेलं नाही. इथे तुमची-आमची गरज लागू शकते.

आज घरी फोन कराल तेव्हा एक प्रश्न विचारून बघा. आपल्या झेडपीच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष कोण आहे?

‘कसली समिती?’ असं उत्तर येऊ शकतं. ‘असेल सरपंचाच्या जवळचं कुणीतरी’ असंही येईल. किंवा वहिनी हळूच सांगेल, ‘अरे, मीच आहे की मेंबर. सही करायला बोलावतात अधूनमधून.’

हे शेवटचं उत्तर आलं तर फोन ठेवू नका, कारण वहिनीच्या हातात नेमकं काय आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

कागदावर काय आहे?

शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्याला त्यातले २५ टक्के प्रवेश तेवढे माहिती असतात, कारण दरवर्षी त्याच्या बातम्या येतात. त्याच कायद्याचं कलम २१ मात्र फारसं कुणी वाचत नाही. विनाअनुदानित शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी, असं ते सांगतं. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा मिळायला हवी.

महाराष्ट्रात ही समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. बाकीच्या जागांवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, शिक्षक, गावातला शिक्षणातला जाणकार. बैठक महिन्याला एक आणि दर दोन वर्षांनी नवी समिती.

काम काय? शाळेचं कामकाज बघणं, आलेलं अनुदान कुठे खर्च होतंय यावर लक्ष ठेवणं आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं. अनुदान म्हणजे किती? समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळू शकतं. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं त्यातच बसवायचं. रक्कम मोठी नाही, म्हणून तर ती आधी कशावर खर्च करायची हा निर्णय मोठा ठरतो. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आधी की व्हरांड्याला रंग आधी? आठ वर्षांच्या मुलीची आई याचं उत्तर एका सेकंदात देईल, फक्त तिला कुणी विचारायला पाहिजे.

मग गाडी अडते कुठे?

बऱ्याच गावांत पालकसभेत नावं बिनविरोध ठरतात. ‘तुमचं नाव टाकलंय हं’ एवढंच कळतं. मग बैठकीचं रजिस्टर घरोघरी फिरतं आणि गणपूर्ती होते. बैठक खरोखर झालीच तर ती सकाळी अकराला, आणि नेमक्या त्याच वेळी खुरपणीला गेलेल्या बाईने दिवसाची मजुरी सोडून यायचं असतं. आलीच तर समोर मुख्याध्यापक, शेजारी सरपंच, हातात इतिवृत्त. ज्या बाईंनी आपल्याला शिकवलं किंवा जे गुरुजी आपल्या पोराला शिकवतात, त्यांना ‘खर्चाची पावती दाखवा’ म्हणायचं कसं? धाडस लागतं त्याला. आणि धाडसाच्याही आधी, आपल्याला विचारायचा हक्क आहे हे माहीत असावं लागतं.

म्हणून प्रशिक्षण हवं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. ते कसं हवं, इथून पुढे गोष्ट इंटरेस्टिंग होते.

जौनपूरने काय शिकवलं?

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास ‘प्रथम’ या संस्थेने एक प्रयोग केला. त्याचा अभ्यास करणाऱ्या टीममध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. हो, तेच २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. २८० गावं निवडली गेली. तिथे तेव्हा ग्रामशिक्षण समित्या होत्या. बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता!

काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याच्या जोडीला गावकऱ्यांना मुलांचं वाचन-गणित तपासायला शिकवलं आणि गावाचं प्रगतिपत्रक तयार केलं. तिसऱ्या गटात हे सगळं केलंच, शिवाय गावातल्या तरुण स्वयंसेवकांना मुलांचे वाचनवर्ग घ्यायला शिकवलं.

निकाल काय लागला? पहिल्या दोन्ही प्रकारांत जवळपास काहीच हललं नाही. समित्या जाग्या झाल्या नाहीत आणि शाळेतलं शिकणंही सुधारलं नाही. तिसऱ्या गटातली जी मुलं वाचनवर्गाला आली, त्यांचं वाचन मात्र चांगलंच सुधारलं. जे वर्ग घेत होते, त्यांना कुणी पगार देत नव्हतं. ती त्याच गावातली मुलं-मुली होती.

म्हणजे समित्या निरुपयोगी? थांबा, घाई नको. इंडोनेशियात जावा बेटावर ५०० हून जास्त शाळांत असाच अभ्यास झाला. तिथे नुसतं प्रशिक्षण किंवा नुसतं अनुदान देऊन फारसा फरक पडला नाही. जिथे शाळेची समिती गावच्या पंचायतीसारख्या मंडळाशी जोडली, तिथे मुलांच्या शिकण्यात सुधारणा दिसली. पश्चिम केनियात कंत्राटी शिक्षक नेमायचं काम शाळा समित्यांकडे होतं. त्यातल्या काही समित्यांना मुलाखत कशी घ्यायची, हजेरी कशी तपासायची, कामाचा आढावा कसा घ्यायचा, एवढंच शिकवलं. तिथे नातेवाइकांची वर्णी लागणं कमी झालं आणि मुलांचे निकालही सुधारले.

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. ‘तुमचे अधिकार’ या विषयावरचं भाषण ऐकून लोक घरी जातात. ‘सोमवारी जाऊन हे रजिस्टर बघा’ असं सांगितलं की लोक काम करतात.

आपल्याकडे हे कसं दिसतं?

हाताला काम दिलं की काय होतं, याची झलक महाराष्ट्रात दिसलीये. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ ही शाळापूर्व तयारीची मोहीम झाली. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावे भरले आणि वस्तीवस्तीत मातांचे गट झाले. आयांना छोटी छोटी कृतिपत्रं मिळाली आणि घरातल्या डाळी, बांगड्या, भांडी वापरून मुलांकडून मोजणी, वर्गीकरण, गोष्टी करून घ्यायच्या होत्या. ज्या आईची स्वतःची शाळा चौथीत सुटली, तिलाही हे जमण्यासारखं होतं.

दुसरं उदाहरण बीडकडचं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणारे आईबाप मुलांना फडावर घेऊन गेले की त्या मुलांची शाळा सुटते. त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुलं गावातच आजी-आजोबांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेतून होते. ही वसतिगृहं चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर असते. कोणत्या घरातलं मूल मागे राहणार, कुणाच्या घरी सांभाळायला कुणीच नाही, हे तालुक्याच्या ऑफिसला कुठून कळणार? ते समितीतल्या शेजारणीला ठाऊक असतं. तिने वेळेत यादी केली तर मूल वर्गात बसतं. यादी कागदावरच राहिली तर मूल फडावर जातं.

आणि आता घाई करायचं आणखी एक कारण आहे. २०२३ मध्ये राज्याने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार मांडला होता. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत. आपल्या वाडीतली शाळा त्या यादीत आली, तर पालकांच्या वतीने बोलणार कोण? समिती जागी असेल तर तिचा ठराव असेल, मुलांच्या रस्त्याचं अंतर मोजलेलं असेल, पावसाळ्यात कोणता ओढा आडवा येतो हे लिहिलेलं असेल. समिती झोपलेली असेल, तर रजिस्टरमध्ये फक्त सह्या असतील.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही पालक नाही, म्हणजे बहुधा समितीत नाही. पण तुम्हाला वाचता येतं, मोबाइल हाताळता येतो आणि सुट्टीत तुम्ही गावी जाता. एवढं पुरेसं आहे.

– समितीतल्या आई, काकू, वहिनीसोबत एक संध्याकाळ बसा. मागच्या बैठकीचं इतिवृत्त तिच्यासोबत मोठ्याने वाचा. ज्यावर सही केली, ते काय होतं?

– तिला तीनच प्रश्न लिहून द्या. यंदा अनुदान किती आलं? कशावर खर्च झालं? शाळेचा विकास आराखडा कुठे आहे? पहिल्या बैठकीला हे पुरे.

– बैठक संध्याकाळी ठेवता येईल का, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा. बहुतेक शिक्षकांनाही पालक यायलाच हवे असतात. त्यांच्याशी भांडायला नव्हे, सोबत बसायला जायचंय हे लक्षात ठेवा. शिक्षक कमी असतील तर मागणी समितीनेच वर पाठवायची आहे. ६० पर्यंत पट असेल तर पहिली ते पाचवीला दोन शिक्षक, हे कायद्यातच आहे.

– शालेय पोषण आहार सुरू असताना समितीतल्या कुणीतरी अचानक जाऊन ताटाला बसायचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. चव आणि माप, दोन्ही बघा.

– गावातले चारपाच जण मिळून सुट्टीत रोज तासभर वाचनवर्ग घ्या. जौनपूरच्या मुलांनी हेच केलं होतं.

– समितीचा आराखडा ग्रामसभेत मांडायला लावा, म्हणजे कुंपण, पाणी, स्वच्छतागृह यांची मागणी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात जाऊ शकते.

ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. यातली कुठली तारीख तुमच्या सुट्टीत येतेय, ते कॅलेंडरमध्ये बघा. आणि त्याआधी, आज रात्री, तो फोन करा.